एक्क्याण्णव टोल

शाळेची घंटा जिथवर ऐकू जाते तिथवर रानटीपणा फिरकत नाही, असं मुख्याध्यापकांनी शाळेच्या दर्शनी भिंतीवर निळ्या रंगात, हातभर उंचीच्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं. ज्या सकाळी ही घंटा ओळीने एक्क्याण्णव वेळा वाजली, त्याच सकाळी तिच्या आवाजाच्या टप्प्यातल्या एका बांधावर अकरा टाके, दोन बरगड्या, एक मनगट आणि एका कानाची पाळी एवढा ऐवज खर्ची पडला. भिंतीवरची अक्षरं अजून आहेत. रंग चांगला होता.

घंटा म्हणजे रुळाचा हातभर तुकडा. शाळेच्या ओसरीला तारेने टांगलेला. शिपाई त्यावर लोखंडी दांडक्याने टोल द्यायचा, म्हणून त्याला टोल्या म्हणायचे. टोल्याच्या घंटेवर पोरं किती चालायची ते मुख्याध्यापक जाणोत, पण कालव्याचं पाणी मात्र चालायचं. उन्हाळ्यात दर अठरा दिवसांनी पाणी सुटायचं आणि एका चारीवरचे, म्हणजे कालव्याच्या एकाच पाटावरचे, शेतकरी ते पाळीपाळीने घ्यायचे. पूर्वी ज्याच्या त्याच्या मनगटावर घड्याळ असे आणि प्रत्येक घड्याळ आपापल्या मालकाच्या बाजूचं असे. त्यातून डोकी फुटायला लागली तेव्हा चार शहाण्यांनी बसून ठरवलं की घड्याळं काढून ठेवा, शाळेची घंटा प्रमाण. सातला पहिला टोल पडला की पहिली पाळी सुरू. एकला जेवणाच्या सुट्टीची लांबलचक घंटा झाली की पाळी बदलायची. तास संपल्याचे मधले टोल एक-दोन असायचे, ते कुणी मोजत नसे. लांब घंटा म्हणजे दारं फिरवा, पाणी दुसऱ्याच्या रानात वळवा, एवढंच. सुट्टीच्या दिवशीसुद्धा टोल्या येऊन तेवढ्या दोन घंटा द्यायचा आणि निघून जायचा.

त्या चारीवर शेवटची दोन रानं दोन भावांची. थोरल्याचं वर, धाकट्याचं खाली, मध्ये बांध आणि बांधावरून अकरा वर्षांचं वैर. बांध कुणी कुणाच्या बाजूला किती सरकवला हे आता बांधालाही आठवत नसेल. भाऊ एकमेकांशी बोलत नसत. बायका बोलत, कारण भांडायला बोलावं लागतं.

धाकट्याच्या बायकोला गाव फावडी म्हणायचं. तिच्या खांद्यावर सदा फावडं. नवरा गरीब माणूस होता, पाण्याच्या बाबतीत तर फारच. त्याच्या हाती फावडं दिलं की वाफ्याचं तळं व्हायचं आणि शेजारचा वाफा कोरडा ठणठणीत राहायचा. म्हणून दारं धरायची ती फावडीच. एक वाफा भरला की त्याच्या तोंडावर माती ओढायची, पुढच्याचं तोंड फोडायचं, पाण्याला पाठ दाखवायची नाही. तळपायाच्या भेगांत चिखल जाऊन बसायचा आणि ती म्हणायची, बरं आहे, भेगा बुजतात.

निकाल लागला त्या दिवशी मुख्याध्यापक सायकल दामटत रानात आले, तेव्हा फावडी पोरीला काठीने झोडपत होती. पोरगी बांधावर पुस्तक वाचत बसली होती आणि तेवढ्यात शेळीने कांद्याच्या चार ओळी फस्त केल्या होत्या.

"थांबा, थांबा!" मुख्याध्यापक लांबूनच ओरडले. "पहिली आली ती!"

"कसली पहिली? तिसरी खेप आहे ही," म्हणून फावडीने आणखी एक लगावली.

"अहो, परीक्षेत! सगळ्या भागात पहिली! एक्क्याण्णव टक्के!"

काठी हवेतच राहिली. पोरीने डोक्यावरचे हात खाली घेतले. बाप शेळीचा कान धरून उभा होता, तो पुढे आला.

"किती पोरं होती परीक्षेला?"

"चार हजार दोनशे."

"आणि सगळी हिच्या मागे?"

"सगळी!"

बापाने जरा विचार केला. "मग शेळी कशी हिच्या पुढे गेली?"

मुख्याध्यापक हसले नाहीत. हसणं त्यांच्या शिस्तीत बसत नसे. त्यांच्या काखेत कायम एक वेताची छडी असायची, तिला ते 'मार्गदर्शक' म्हणत. शाळेच्या निकालाचं श्रेय ते शिक्षणाला देत आणि पोरं मार्गदर्शकाला. ह्या पोरीच्या तळहातावरच्या रेषा मार्गदर्शकाने इतक्यांदा नव्याने आखल्या होत्या, की ज्योतिषाला हात दाखवला असता तर तो गोंधळला असता.

"शाळेत मोठा सत्कार ठेवलाय," मुख्याध्यापक म्हणाले. "पाहुणे येणार आहेत. आईवडिलांनी मंचावर बसायचं. आणि पुढच्या शिक्षणाला मुलगी शहरात गेलीच पाहिजे. राहण्याची, जेवणाची सोय होते तिथे. नाही म्हणू नका."

"मी कुठे नाही म्हणतोय?" बाप म्हणाला. "पण गुरुजी, ह्या कांद्याला आता एकच पाणी हवंय. शेवटचं. ह्या पाळीचं पाणी सगळ्या रानाला पोचलं तर कांदा पोसेल, आणि पोरगी जाईल. नाही पोचलं तर रान सोडून आम्ही तिघंही खाणीवर खडी फोडायला. तीन हातोड्या लागतील. मोठी माझी, मधली हिची, लहान पोरीची."

पोरीने आईकडे बघितलं. फावडीने काठी टाकली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. पोरगी कळवळली, कारण हात वळावरच पडला होता.

"पाळी कधी आहे आपली?" फावडीने नवऱ्याला विचारलं.

"येत्या बुधवारी. सात ते एक."

"आणि सत्कार?"

मुख्याध्यापकांनी छडी ह्या काखेतून त्या काखेत घेतली. "बुधवारीच. नऊला."

बुधवारी सकाळी पोरीने पुन्हा एकदा विचारून बघितलं. शाळेचे कपडे घालून, केस ओले करून चापूनचोपून बसवून ती चुलीपाशी उभी राहिली.

"आई, तू ये ना. बाबा धरतील दारं."

"तुझे बाबा कांद्याला पोहायला शिकवतील."

"पाऊण तासाने जाशील परत."

"पाऊण तासात पाच वाफे होतात. पाच वाफे म्हणजे तुझं पाव वर्ष. कर हिशेब." फावडीने फावड्याची पाचर दगडाने ठोकून घट्ट केली. "बाबा बसतील मंचावर. बसायचं काम त्यांना जमतं. आणि मला भोंग्यावर सगळं ऐकू येतं. मोठ्याने बोल."

"माझ्या डोळ्यांनी बघ की एकदा."

"गप. एक देईन."

पोरीने केस पुन्हा चापून बसवले. त्या घरात 'एक देईन' ह्याचा अर्थ पुष्कळ वेळा माया असाही असे, पण ओळखायचा कसा, ते कुणी शिकवलं नव्हतं.

सातचा टोल पडला तेव्हा फावडी चारीत गुडघाभर पाण्यात उभी होती. वरच्या रानाचं दार मातीने बुजवून तिने पाणी खाली घेतलं. त्या दिवशी आभाळात धूळ भरून राहिली होती. सूर्य कुठे आहे ते कळत नव्हतं. सगळं सारखंच पिवळं, जुन्या कागदासारखं, आणि कशाचीच सावली पडत नव्हती. वारा नाही. घाम निघायचा आणि वर धूळ बसून त्याचा चिखल व्हायचा.

वरच्या बांधावर थोरली जाऊ येऊन बसली. तिची पाळी एकला. सहा तास आधी येऊन बसायचं काही कारण नव्हतं, पण दुसऱ्याचं पाणी बघत बसायलाही माणूस लागतो.

"आज सण आहे म्हणे तुमच्याकडे," थोरली म्हणाली.

"तुम्हाला आमंत्रण नाही आलं का, जाऊबाई?"

"आलं की. पण मी म्हटलं, आईच चिखलात आहे तर चुलतीने काय गालाला पावडर लावून जायचं?"

"लावली असतीत तरी चाललं असतं. तेवढंच झाकलं असतं."

थोरलीने एक ढेकूळ उचलून पाण्यात टाकलं. "माझाही पहिला आला होता, विसरू नकोस. ह्याच शाळेत."

विसरायचं काही नव्हतं. थोरलीचा एकुलता एक मुलगा नऊ वर्षांपूर्वी शिकायला शहरात गेला होता. शिकून नोकरीला लागला. मग आणखी मोठ्या शहरात गेला. मग पत्ता बदलला.

फावडी वाफे भरत राहिली. चाळीस वाफे होते. वाफ्याला नऊ मिनिटं धरली तर एकच्या घंटेला चाळिसावा भरतो, हा हिशेब तिच्या खांद्यांना पाठ होता. बारावा भरला तेव्हा शाळेचा भोंगा सुरू झाला. आधी खरखर, मग शीळ, मग टोल्याचा आवाज, "एक, दोन, तीन, ऐकू येतंय का?" सगळ्या शिवाराला ऐकू येत होतं. मग पाहुण्यांची वाट बघण्यात बराच वेळ गेला. फावडीने सतरावा भरून त्याचं तोंड बुजवलं.

आणि घंटा वाजायला लागली.

एक टोल. दोन. चार. थांबेना. फावडीने मान वर केली. दहा, बारा, पंधरा. लांबलचक घंटा.

थोरली बांधावरून उठली, तिने कपडे झटकले आणि वर तोंड करून नवऱ्याला हाक मारली, "अहो! फिरवा दार! झाली घंटा!"

थोरले दीर वरच्या रानात खोपीत लवंडले होते. ते खांद्यावर फावडं टाकून आले आणि चारीच्या तोंडाशी, फावडीने घातलेल्या मातीत त्यांनी पहिला घाव घातला.

"अहो भाऊजी! काय करताय?" फावडी चिखलातून पाय उपसत धावली. "एक नाही वाजला अजून!"

"घंटा ऐकलीस ना?"

"ही सुट्टीची नाही! माझे सतराच वाफे झालेत. सतरा वाफ्यांत एक वाजतो होय?"

"तुझा हात आज संथ असेल," थोरली म्हणाली. "पोरीच्या सत्काराची सूज चढली असेल हाताला."

तीस. एकतीस. बत्तीस. टोल्याला इतका जीव लावून घंटा वाजवताना कुणी कधी ऐकलं नव्हतं.

खरी गोष्ट अशी होती की पोरीला जितके टक्के पडले तितके टोल द्यायचे, ही मुख्याध्यापकांची कल्पना. घंटेला शाळेबाहेर दुसरीही नोकरी आहे, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. टोल्याच्या होतं. पण मुख्याध्यापक सांगतील ते करायचं, ही शिस्त त्याने लहानपणी मार्गदर्शकाकडूनच घेतलेली होती.

दिरांनी दुसरा घाव घातला. माती फुटली आणि पाणी वर वळलं. अठराव्या वाफ्याच्या तोंडाशी आलेला ओघ मेल्यासारखा बारीक झाला. फावडीने तो बघितला. तिला तीन हातोड्या दिसल्या. त्यांतली सगळ्यात लहान फार स्पष्ट दिसली.

"भाऊजी, तुम्ही वडीलधारे," ती म्हणाली. "बाजूला व्हा."

"नाही तर काय करशील?"

फावडीने फावडं उलटं धरलं आणि दांडा त्यांच्या बरगड्यांत घातला. वाळका फाटा मोडावा तसा आवाज झाला. दीर 'हं' म्हणाले आणि चारीत बसले. पाणी त्यांच्या कमरेभोवतीने वाहू लागलं. पुढे पूर्ण वेळ ते तिथेच बसून होते, आणि हे जिथल्या तिथे बसणं हा त्यांच्याकडून शांततेला लागलेला एकमेव हातभार.

थोरली किंचाळली नाही. तिने नवऱ्याचं फावडं उचललं आणि धाकटीच्या डोक्याच्या रोखाने फिरवलं. फावडी वाकली. फावड्याचं पातं तिच्या खांद्याला चाटून गेलं आणि कपड्यासकट वीतभर कातडं घेऊन गेलं. रक्त यायच्या आधी तिथे पांढरं दिसलं. एक्केचाळीस, बेचाळीस. मग फावडीने सरळ पात्याने मारलं. थोरलीच्या कपाळापासून भांगापर्यंत फाटलं. रक्ताने तिचे डोळे भरले आणि ती आंधळ्यासारखी हात फिरवत धाकटीच्या गळ्याशी आली. दोघींच्या हातांतून फावडं सुटलं. दोघी बांधावरून गडगडत कांद्यात पडल्या.

"माझा कांदा!" फावडी ओरडली. मार खाताना ती ओरडली नव्हती.

दोघींची नखं एकमेकींच्या तोंडात, गुडघे पोटात. चिखल नाकात जात होता. साठ. थोरलीच्या हाताला धाकटीची वेणी लागली, तिने ती मनगटाला गुंडाळली आणि ओढली. फावडीची मान मागे गेली, तशी तिने तोंडासमोर आलेला थोरलीचा कान दातांत धरला आणि सोडला नाही. कान सुटला तेव्हा सगळा सुटला नाही.

"चावलीस? रांडे, चावलीस?"

"तुमच्या तोंडात माती घालीन, जाऊबाई," धाकटी म्हणाली आणि कानाची पाळी थुंकून तसं करू लागली. एवढ्या गर्दीतही 'तुम्ही' सुटलं नाही. माहेरचं वळण चांगलं होतं.

एक्क्याण्णव. घंटा थांबली.

त्या शांततेत भोंगा पुन्हा खरखरला आणि मुख्याध्यापकांचा आवाज शिवारावरून पसरला. "सन्माननीय पाहुणे, पालक आणि विद्यार्थी मित्रहो! शिक्षण माणसाला नम्र करतं."

फावडी थोरलीच्या छातीवर बसली होती. थोरलीने खालून तिच्या पोटात गुडघा घातला.

"शिक्षण माणसाला आपपरभाव विसरायला लावतं."

फावडीने तिचं डोकं धरून मऊ वाफ्यात आपटलं. वाफा भिजलेला होता म्हणून थोरली वाचली.

"आता आपल्यासमोर आपली गुणवंत विद्यार्थिनी दोन शब्द बोलेल."

दोघींचे हात एकदम थांबले. फावडीची मूठ वर होती, ती वरच राहिली.

"गप," थोरली खालून म्हणाली. "ऐक."

भोंग्यातून आधी नुसता श्वास आला. मग पोरगी बोलली. घाईघाईने, पाठ केल्यासारखं. "माझ्या यशाचं श्रेय माझ्या गुरुजींना आहे." ती थांबली. पुढचं बहुतेक पाठ केलेलं नव्हतं. "आणि माझ्या आईला. ती इथे नाहीये. ती रानात पाणी धरतेय. मी शिकावं म्हणून. आई, ऐकतेस ना? मी मोठ्याने बोलतेय."

टाळ्या झाल्या. भोंग्यात टाळ्या कढईत काही तळल्यासारख्या वाजत होत्या.

फावडीचा चेहरा रक्ताने आणि चिखलाने इतका भरला होता, की आणखी काही आलं असेल तर ते दिसलं नसतं.

"माझाही असाच बोलला होता," थोरली खालून म्हणाली. तिचा एक डोळा मिटला होता. "माझंच नाव घेतलं होतं. मी समोरच बसले होते, पहिल्या बाकावर. मग गेला. दोन वर्षं पत्रं आली. मग वर्षाला एक. आता सहा वर्षं झाली."

फावडीने मूठ खाली घेतली. गुडघा जरा सैल केला.

तेवढं थोरलीला पुरलं. ती कुशीवर वळली, हाताला लागलेलं फावडं तिने दांड्याला धरून आडवं फिरवलं, आणि तोल सावरायला धाकटीने जमिनीवर टेकलेल्या उजव्या मनगटावर पातं पाठीकडून बसलं. हात मनगटापासून भलतीकडे बघू लागला.

ह्या सगळ्यात पाण्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. चारीत बसलेल्या दिरांमुळे ते तुंबलं, फुगलं आणि अकरा वर्षांत दोन भावांना जो हलवता आला नव्हता तो बांध त्याने एका दमात फोडला. मग ना वरच्या रानात, ना खालच्या; मधल्या पायवाटेने, उताराला लागून ते थेट शाळेच्या मैदानात शिरलं.

मधली चार लांबलचक भाषणं उरकून शेवटी पाहुणे बोलायला उभे राहिले होते. ज्ञानाचा ओघ घरोघरी पोचला पाहिजे, एवढं ते म्हणाले आणि त्यांनी खाली बघितलं.

पाण्याच्या उलट्या दिशेने सगळा सत्कार धावत रानात आला. पुढे बाप, छातीला 'पालक' असं लिहिलेलं कागदी फूल. मागे पोरगी. तिच्या हातात भिंतीवरचं मोठं गोल घड्याळ, शाळेचं बक्षीस. त्यामागे टोल्या, मुख्याध्यापक, आणि विजार गुडघ्यापर्यंत वर घेतलेले पाहुणे.

बापाने बायकोचा हात बघितला, भावाला चारीत बसलेलं बघितलं, आणि कुणाला मारायचं ते न सुचून त्याने टोल्याच्या कानाखाली वाजवली. टोल्याने अंगावर आलेलं संकट परतवावं म्हणून दांडकं उगारलं. दोघांना धरून बाजूला करेपर्यंत बापाचा ओठ फुटला आणि 'पालक' चिखलात पडलं.

"किती वाजले?" फावडी उजवा हात डाव्या हाताने छातीशी धरून ओरडली. "मला आधी कुणीतरी सांगा, किती वाजले?"

सगळ्यांचं लक्ष पोरीच्या हातातल्या घड्याळाकडे गेलं. दहा वाजून दहा मिनिटं.

"बघा! बघा, जाऊबाई! दहा वाजलेत! एक वाजायला तीन तास आहेत!"

थोरलीने एका डोळ्याने घड्याळ नीट निरखलं. "काटा हलत नाहीये त्याचा."

"त्यात सेल नाही," मुख्याध्यापक म्हणाले. "सेल पालकांनी घालायचा असतो."

पाहुण्यांच्या घड्याळात पावणेअकरा होते. मुख्याध्यापकांच्या साडेदहा. पुन्हा हळूहळू बाजू पडायला लागल्या. कुणीतरी ढेकूळ उचललं.

"ते टोल माझ्या मार्कांचे होते," पोरगी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"एक्क्याण्णव. मी मोजले. काकींना वाटलं, सुट्टी झाली."

थोरलीने कपाळावरचं रक्त तळहाताने निपटलं. "म्हणजे तुझ्या मार्कांपायी माझं डोकं फुटलं?"

"हो, काकी."

"पस्तीस पाडून पास झाली असतीस तर काय बिघडलं असतं गं?"

पोरगी आईपाशी गेली. तिने तिचं मनगट बघितलं, खांदा बघितला. मग वाफे बघितले. सतरा ओले, तेवीस कोरडे. तिचे ओठ हलत होते. मुख्याध्यापकांना ती ओळख होती; तोंडी हिशेबाच्या तासाला ते ओठ असेच हलायचे.

"बाबा, तुम्ही घड्याळ धरा," असं म्हणून तिने बूट काढले. "पाहुण्यांचं आणि गुरुजींचं मिळून आपण दहा चाळीस धरू. एकपर्यंत दोन तास वीस मिनिटं आमची. वाफ्याला नऊ मिनिटं म्हणजे पंधरा वाफे. आठ राहतात. आठाला बहात्तर मिनिटं लागतील. शिवाय बांध घालायला वेळ जाईल, म्हणजे दोन तास. काकी, तुमची पाळी एक ते सात. कोण धरणार दारं?"

थोरलीने चारीकडे बघितलं. दीर बरगडीला हात धरून बारीक श्वास घेत होते. पाण्यात बसून त्यांचे ओठ निळे पडले होते.

"मी धरेन," पोरगी म्हणाली. "तुमचं सगळं रान चार तासांत भिजवून देते. वरचे दोन तास आमचे."

"चोर आहेस."

"तुमच्या रानात सव्वीसच वाफे आहेत, काकी. सहा तासांत शेवटचे दोन तास पाणी तुम्ही ओढ्यालाच सोडता दरवेळी."

"म्हणजे माझे वाफे मोजतेस?"

"बांधावर बसून अभ्यास करते. समोर दिसतात."

"एक तास देईन."

"दोन."

"दीड! तोंड फोडीन तुझं."

"मग काका धरतील," पोरगी म्हणाली आणि बूट परत घालायला लागली.

दीर चारीतून क्षीणपणे म्हणाले, "दे गं दोन. मला आधी उचला इथून."

थोरलीने तोंडातली माती थुंकली. तिच्या चेहऱ्यावर जे काही चाललं होतं ते रक्तामुळे नीट वाचता येत नव्हतं. "दोन घे," ती म्हणाली. "पण कोपऱ्यातला वाफा कोरडा राहिला तर शहरात येऊन मारीन."

पोरीने फावडं उचललं. दांडा रक्ताने निसरडा झाला होता, तो तिने मातीत घोळवून घेतला आणि चारीत उतरली. बाप मदतीला पुढे झाला, तशी ती न बघताच म्हणाली, "बाबा, घड्याळ."

"हेच ते शिक्षण," मुख्याध्यापक पाहुण्यांना म्हणाले. पाहुणे विजार पिळत होते.

फावडीच्या मनगटाला आधार द्यायला सरळ काही हवं होतं. सगळ्यांनी मुख्याध्यापकांच्या काखेकडे बघितलं. त्यांनी बराच वेळ कुणाकडेच बघितलं नाही. शेवटी टोल्याने ती छडी ओढून घेतली, गुडघ्यावर टाकून मोडली आणि दोन्ही तुकडे मनगटाच्या दोन बाजूंना लावून स्वागताच्या फलकाचं कापड फाडून बांधले. मोडताना त्याला जो आनंद झाला तो त्याने तोंडावर दिसू दिला नाही. सत्तावीस वर्षांची नोकरी होती.

मांडववाल्याचा ट्रॅक्टर होता. मागच्या ट्रॉलीत घड्या घातलेल्या सतरंज्या होत्या. त्यांवर तिघांना चढवलं. दीर आडवे, त्यांच्या पायथ्याशी दोघी जावा दाटीवाटीने. थोरलीच्या कानाला आणि कपाळाला कुणाचा तरी रुमाल बांधला होता आणि तो भिजून काळा झाला होता. ट्रॅक्टर सुरू झाला. प्रत्येक खड्ड्यात तिघंही आपापल्या जागी कण्हत.

फावडी मान वळवून मागे बघत होती. धुळीत पोरगी बारीक दिसत होती. बांध घालून झाला होता. तिने अठराव्याचं तोंड फोडलं. पाणी आत गेलं तसं तिने पाय सरळ केला, पाठ वाकवली आणि थांबली. घाई केली नाही. वाफा कडेपर्यंत भरू दिला, मग माती ओढली.

"पाय बरोबर ठेवला," फावडी म्हणाली. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

खडी लागली, दीर ओरडले, खडी संपली.

"जाईल ती," फावडी मोठ्याने म्हणाली. तिचे दात वाजत होते आणि आवाज चढत चालला होता. "शहरात जाईल. मोठी होईल. पत्रं नाही लिहिली तरी चालेल, आली नाही तरी चालेल! मी एका हाताने रान करीन, पण पोरीच्या हातात हातोडी देणार नाही. सगळ्या जगाने ऐका!"

जगातर्फे तिथे थोरलीच होती. ती मिटलेल्या डोळ्याने आणि उघड्या डोळ्याने समोर बघत होती. तिने तोंड उघडलं. अकरा वर्षांत तिला धाकटीला जे म्हणायचं होतं ते आता येणार, असं वाटलं. फावडीने मान खाली घातली आणि वाट बघितली.

"माझ्या पायावर बसलीयेस," थोरली म्हणाली. "जरा सरक की."